निसर्गाच्या अंगणात : पाण्याचे पंचांग

या सदरात मासेमारीविषयी लिहावयाचे म्हणजे आमच्या वाचकवर्गाकडे पाहता थोडे धार्ष्ट्याचेच काम आहे. ज्या घरांतून हा अंक ओटीवरच्या आरामखुर्चीपासून माजघरापर्यंत हिंडतो, त्यांपैकी पुष्कळ घरांत मासळीचे नाव उंबऱ्याबाहेरच राहते. आमचेही घर त्यांतलेच. (सारस्वत वाचकांनी येथे खुशाल हसावे, या विषयात त्यांच्यापुढे आम्ही बिगरीच्या वर्गातले आहोत.) तथापि ज्यांच्या ताटात मासा कधीच पडावयाचा नाही त्यांनीही तो पाण्यात कसा राहतो, विणीस केव्हा येतो आणि माणूस त्याला नेमका केव्हा गाठतो, हे जाणून घेण्यासारखे आहे, असे आम्हांस गेल्या वर्षीच्या एका मुक्कामात वाटू लागले.

गेल्या वर्षी मे व जून हे दोन महिने आम्ही उभयता अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात आमच्या भाच्याकडे होतो. या राज्याला दहा हजार सरोवरांचा देश म्हणतात, आणि मौज अशी की ही बढाई नसून विनय आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. भाच्याच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. मुले त्यांना आजोबाच म्हणतात, तेव्हा आम्हीही येथे तसेच म्हणू. त्यांचे उत्तरेकडे एका सरोवराच्या काठी लहानसे लाकडी घर आहे. त्या घरात खिळ्याला एक वही टांगलेली असून तिच्यात दर वर्षी दोन तारखा लिहिल्या जातात : बर्फ कधी धरले आणि कधी फुटले. हा नाद त्या मुलखात पुष्कळांस आहे. मिनेपोलिस शहराजवळच्या मिनेटोंका सरोवराच्या बर्फ फुटण्याच्या नोंदी तर १८५५ सालापासूनच्या आहेत. वहीशेजारीच सुतळीला बांधलेला एक उष्णतामापक लोंबत असतो. भाचा आम्हांस म्हणाला, "मामा, तुम्ही सकाळी उठून पंचांग पाहता, हे पाणी पाहतात. तुमचे दोघांचे जमेल." आणि खरोखरच जमले.

हिवाळ्यात या सरोवरांवर दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीचे बर्फ असते. त्यावरून मोटारी जातात. मग त्याखाली मासा जगतो कसा, हा प्रश्न आम्हीही शाळकरी मुलासारखा विचारला. उत्तर पाण्याच्या एका विक्षिप्त स्वभावात आहे. बहुतेक पदार्थ जसजसे थंड होतात तसतसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सियसपर्यंतच हा नियम पाळते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून गोठावयास आलेले पाणी वर तरंगते, वरच गोठते, आणि तळाशी ४ अंशांचे जड पाणी मुक्काम करून राहते. तेथे मासे हालचाल मंदावून हिवाळा काढतात.

वसंतात काय होते, हे ज्यांनी घरी तांब्याचा बंब वापरला आहे त्यांस चटकन उमगेल. बंबात वरून ओतलेले गार पाणी नळीवाटे तळाशी जाते आणि तापलेले पाणी वरच्या तोटीने बाहेर पडते. जड ते खाली, हलके ते वर, आणि दोहोंची सरमिसळ सहसा होत नाही. सरोवरातही उन्हाळ्यात व हिवाळ्यात असेच थर पडलेले असतात. परंतु बर्फ फुटल्यावर वरचे पाणी तापत तापत ४ अंशांवर येते, तेव्हा काही दिवस वरचे आणि तळाचे पाणी सारख्याच वजनाचे होते. अशा वेळी वारा सुटला की सारे सरोवर तळापासून घुसळून निघते. हिवाळाभर कोंडलेल्या तळाला प्राणवायू मिळतो, तळाशी साचलेले अन्नद्रव्य वर येते. पुढे ऊन वाढले की वरचा थर पुन्हा हलका होतो आणि झाकण बसते. आजोबांच्या लेखी नवे वर्ष या घुसळणीपासून सुरू होते. त्यांचा पाडवाच म्हणा ना. त्याच सुमारास लून नावाचा मोठा पाणपक्षी समुद्राकाठचा हिवाळी मुक्काम हलवून परत येतो आणि रात्री असा काही आक्रोश करतो की आमच्या घरातून "कोण हो रडते आहे?" असा प्रश्न आला.

या पंचांगात पहिला सण वॉलाय माशाचा. हा तेथील मानाचा मासा. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमत्स्य आहे. सोनेरी-हिरवट रंग, लांबट अंग, तीक्ष्ण दात, आणि डोळे मात्र आंधळ्याचे वाटावेत असे फिकट. पण तो आंधळा तर नाहीच, उलट मांजराप्रमाणे त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतविणारा एक पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला इतर माशांहून चांगले दिसते. साहजिकच तो संध्याकाळी, रात्री, ढगाळ दिवशी शिकार करतो. विणीलाही तो रात्रच पसंत करतो. पाणी ६ ते १० अंशांच्या दरम्यान आले की आधी नर आणि मागाहून माद्या उथळ, खडेवाळूच्या काठाशी किंवा नदीच्या मुखाशी जमतात. घरटे नाही, राखण नाही. माद्या लाखांच्या हिशेबाने अंडी खड्यांवर सोडून निघून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांतून आठ-नऊ मिलिमीटर लांबीची, जवळजवळ पारदर्शक पिले बाहेर पडतात. एवढ्या अंड्यांतून मोठे होणारे मासे अगदी थोडे.

आता माणसाचे पंचांग पाहा. वॉलायची मासेमारी फेब्रुवारीअखेरीस बंद होते आणि मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास, एका ठराविक शनिवारी उघडते. हा शनिवार म्हणजे त्या राज्याचा मोठाच उत्सव. राज्याचे गव्हर्नर स्वतः होडीत बसून गळ टाकतात. ही प्रथा १९४८ पासूनची आहे. दुर्दैवाने तेथील मातृदिनही बहुधा त्याच शनिवाराला लागून येतो, त्यामुळे घरोघरी जो पेचप्रसंग उद्भवतो त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. मुद्दा इतकाच की शनिवार दिनदर्शिकेवरून ठरतो आणि मासा पाण्यावरून. बर्फ लवकर फुटलेल्या वर्षी शनिवार उजाडण्याच्या आत वीण आटोपून मासे पांगलेले असतात; उशिराच्या वर्षी ते अजून विणीच्या जागीच दाटीने उभे असतात, आणि अशा वेळी त्यांना पकडणे म्हणजे देवळाच्या दारात भक्तांना गाठण्यासारखे सोपे होते.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी पहाटे आम्ही आजोबांच्या होडीत अंगावर तीन कपडे चढवून बसलो होतो. त्यांनी आधी सुतळी सोडली : १० अंश. मग वारा कोणत्या बाजूचा ते पाहिले. आम्हांस वाटले, निवाऱ्याची बाजू धरतील. पण ते नेमके लाटा आपटत होत्या त्या किनाऱ्याकडे निघाले. वारा पाणी घुसळतो, काठचे पाणी गढूळ होते, उजेड मोडतो, बारीक मासळी तिकडे ढकलली जाते, आणि अंधुकात पाहणाऱ्या वॉलायला तेथे पंक्ती मांडून ठेवल्यासारखे होते. नदीच्या मुखापाशी आठ-दहा फूट खोलीवर त्यांनी शिशाचे डोके असलेला गळ, त्याला एक लहान मासोळी अडकवून, सोडला. गळ तळाला टेकवावयाचा, वीतभर उचलावयाचा, पुन्हा टेकवावयाचा, घाई नाही. दोन तासांत तीन मासे लागले. दोन हातभर लांबीचे नर होते, ते ठेवले. तिसरी मोठी मादी होती, ती त्यांनी पाण्याबाहेर पुरती न काढताच सोडून दिली. मादी अंडी घालण्याजोगी होण्यास तिकडच्या थंड पाण्यात चार-सहा वर्षे लागतात, आणि थोरल्या मादीची अंडी संख्येनेही अधिक असतात. "एवढ्या मोठीची चवही काही खास नसते," असे ते पुढे म्हणाले. हा त्यांचा विनय की पाकशास्त्र, ते सांगण्यास आम्ही असमर्थ आहोत.

पुढच्या तीन-चार आठवड्यांत वॉलाय या उथळातून नव्याने उगवणाऱ्या पाणवेलींच्या कडेला, तेथून जूनमध्ये खोल पाण्यातील खडकाळ उंचवट्यांवर सरकतो. इकडे बास माशाचा काळ जवळ येतो. बास दोन जातींचे. रुंद तोंडाचा बास चिखलाळ तळाच्या, वेलींनी भरलेल्या कोपऱ्यांत रमतो. लहान तोंडाचा खडक आणि स्वच्छ पाणी शोधतो. दोघेही ऊबेचे भुकेले. सरोवराच्या उत्तर काठचे उथळ कोपरे दक्षिणेचे ऊन घेतात आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून झाकलेले असतात, म्हणून ते सर्वांआधी तापतात. बर्फ जाऊन काही आठवडे लोटले की रुंद तोंडाचे बास प्रथम तेथेच चरताना दिसतात. पाणी १५ ते १८ अंशांवर आले की वीण. आणि येथे वॉलायच्या अगदी उलट व्यवहार आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एके निवांत सकाळी आजोबांनी आम्हां उभयतांना होडीतून खाली पाहावयास सांगितले. पाणी काचेसारखे होते. तीन-चार फुटांवर एका धोंड्याच्या आडोशाला खड्यांचे, परातीएवढे एक स्वच्छ गोल आळे दिसत होते, भोवतालचा तळ काळपट आणि तेवढेच पांढुरके. त्यावर लहान तोंडाचा एक बास, ताम्रवर्णी, तांबूस डोळ्यांचा, परीट धुणे हलवतो तशी शेपटी मंदपणे हलवीत उभा होता. ते आळे त्यानेच शेपटीने झाडून केलेले. मादी येते, अंडी घालते आणि जाते. त्यानंतर अंडी फुटेपर्यंत, आणि पिलांचा काळा पुंजका आळ्यावर तरंगू लागल्यावरही कित्येक दिवस, सारी राखण नराकडे. थंड पाण्यात हे काम महिनाभरही चालते. या काळात तो खातो फार थोडे; जवळ येईल त्याच्यावर मात्र तुटून पडतो. "आई निघून गेली आणि बाप पोरे राखीत बसला, हे जन्मात एकदा तरी पाहावयास मिळाले," असा अभिप्राय होडीच्या दुसऱ्या टोकाकडून आला. आम्ही पाण्याकडेच पाहत राहिलो.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की अशा माशाला गळाला लावण्यास कौशल्य लागत नाही. त्याच सकाळी थोड्या अंतरावर दुसरी एक होडी होती. तीतल्या दोघा तरुणांनी एका आळ्यावर रबरी आमिष टाकले. मासा भुकेने नव्हे, तर दारात शिरलेल्या चोराला हाकलावे तसा त्यावर झेपावला आणि अडकला. त्यांनी तो वर घेतला, तोलला, छायाचित्र काढले, आणि सौजन्याने पुन्हा पाण्यात सोडला. माणसे वाईट नव्हती. आम्हांस हात हालवून "सुप्रभात" म्हणाली. परंतु आजोबांनी होडी हळूच आळ्याजवळ नेली तेव्हा आमच्या दृष्टीस जे पडले ते असे : हाताच्या पंजाएवढे सात-आठ चपटे रंगीत मासे आळ्यात डोकी खाली करून टिपत होते. त्यांना सनफिश म्हणतात, सूर्यमासा म्हणण्याइतके ते दिसावयास सुंदरही असतात. नर परत आला, त्याने त्यांना पिटाळले, आणि पुन्हा पूर्ववत शेपटी हलवीत उभा राहिला. आत किती अंडी उरली होती ते आम्हांस दिसले नाही. पुष्कळ नासधूस झाली तर नर हिशेब सोडून आळे टाकून जातो, असे अभ्यासकांनी पाहिले आहे, आणि त्या वर्षी तो पुन्हा संसार मांडीलच असे नाही.

मासा मारला नाही, सोडून दिला, म्हणजे अपराध झाला नाही, अशी या खेळाची समजूत असते. आमच्या मते ती विणीच्या त्या तीन-चार आठवड्यांपुरती तरी खोटी आहे. कॅनडाच्या ओन्टारियो प्रांताच्या बऱ्याच भागांत म्हणूनच बासचा मोसम जूनच्या मध्यानंतर उघडतो. इतर अनेक ठिकाणी 'पकडून सोडा' एवढ्या अटीवर विणीतही गळ टाकता येतो. सर्व आळी नासली नाहीत तर एकूण संख्येस धक्का पोचत नाही असे म्हणणारे तज्ज्ञही आहेत, आणि ते अगदीच चुकीचे आहेत असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. शिवाय दूरच्यांस बोल लावण्यापूर्वी घरचेही पाहिले पाहिजे. आपल्या कोकणात पहिल्या सरींबरोबर ओढ्या-वहाळांतून शेतांत चढून येणारे 'चढणीचे मासे' लोक हौसेने धरतात, आणि तेही बिचारे विणीलाच निघालेले असतात.

या प्रदेशात गोऱ्या माणसाच्या शनिवारापूर्वीचेही एक पंचांग आहे. ओजिब्वे हे तेथील मूळ रहिवासी. वॉलायला ते 'ओगा' म्हणतात. त्यांचे महिने चांद्र. बर्फ फुटण्याच्या सुमाराचा महिना मेपल वृक्षाचा गोड रस आटविण्याचा, आणि त्याच्या पाठोपाठ रात्री होडीत मशाल लावून उथळातले वॉलाय भाल्याने टिपण्याचे दिवस. विस्कॉन्सिन राज्यातील लाक द्यु फ्लाम्बो या गावाचे फ्रेंच नाव त्या मशालींवरूनच पडले. १८३७ व १८४२ च्या तहांनी ओजिब्वेंनी आपली भूमी सोडली, पण तेथे मासे मारण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तो कोणी मानला नाही. १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने विस्कॉन्सिनमध्ये तो मान्य केला, तेव्हा १९८०-९० च्या दशकाच्या उत्तरार्धात होड्या लागण्याच्या जागी जमाव जमून दगडफेक आणि शिवीगाळ झाली. "विणीतला मासा मारतात" हा आरोप मुख्य होता. वस्तुतः त्या मासेमारीत रात्रीपुरता परवाना, सरोवराचे नाव आणि संख्या ठरलेली असून काठावर एकेक मासा मोजला जातो. भाल्याला लागतात तेही बहुतेक नर, कारण उथळात नरच अधिक काळ रेंगाळतात. मिनेसोटातील हक्कावर १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्कामोर्तब केले.

तो खटला ज्या सरोवरावरून गाजला ते मिल लाक्स. दोनशेहून अधिक चौरस मैलांचे हे पाणी वॉलायसाठी देशभर प्रसिद्ध होते. २०१५ साली तेथील वॉलायची संख्या इतकी खालावली की ३ ऑगस्ट रोजी मोसम मध्येच बंद करावा लागला, आणि २०१६ साली पकडलेला प्रत्येक वॉलाय परत सोडावा असा नियम झाला. ओजिब्वेंचा भाला याला कारण, असे म्हणणे पुष्कळांस सोयीचे होते. पण पिले तर जन्मत होती. ती पहिल्या-दुसऱ्या वर्षातच नाहीशी होत होती. पाणी परदेशी शिंपल्यांमुळे आणि इतर कारणांनी अधिक नितळ झाले होते, अधिक उबदारही झाले होते, आणि अंधुकात राहणाऱ्या माशाला नितळ पाणी मानवत नाही. लहान तोंडाच्या बासला ते मानवते. त्याच सरोवरात त्याच वर्षांत बासची इतकी भरभराट झाली की २०१६ मध्ये तेथे बास पकडण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली. एकाच पाण्यात एकाचा उन्हाळा तो दुसऱ्याचा वसंत ठरला.

आजोबांच्या वहीवरून आम्ही एकदा बोट फिरविले. तारखा सरळ रांगेत नाहीत. २०१८ साली मे उजाडला तरी बर्फ होते. २०२४ साली ते मार्चमध्येच गेले. सगळीकडे सरासरीने बर्फ लवकर फुटू लागले आहे, आणि या भागातील सरोवरांच्या दीर्घकाळाच्या नोंदी तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की बर्फ फुटण्याचा दिवस जितक्या वेगाने अलीकडे सरकतो आहे, त्याच्या सुमारे एकतृतीयांश वेगानेच वॉलायची वीण अलीकडे येते आहे. आठ मिलिमीटरच्या पिलाला जन्मताच पाण्यातील सूक्ष्म जीवांचे अन्न लागते. ते जीव बर्फ व उजेड पाहून वाढतात. पिले येतात तेव्हा पंगत उठून गेलेली असली तर त्या वर्षीची पिढीच बुडते, आणि ते कळावयास गळ टाकणाऱ्यास चार वर्षे लागतात. मग तो कोणाच्या तरी भाल्याकडे बोट दाखवितो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी आम्हांस विचारले, "तुमच्याकडे कोळी लोक केव्हा थांबतात?" आम्ही त्यांस नारळी पौर्णिमेचे सांगितले, समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी लोटावयाची नाही, हा जुना रिवाज सांगितला. त्यांनी तारीख विचारली. आम्ही म्हणालो, दर वर्षी निराळी, चंद्रावरून ठरते. हे त्यांस फार आवडलेले दिसले. मग आम्ही हेही सांगितले की हल्ली सरकारने यांत्रिक होड्यांसाठी १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ठरवून दिले आहेत, आणि त्याआधी-नंतर काय चालते ते आम्हांस, मासे न खाणाऱ्यांस, नीटसे ठाऊक नाही.

"आणि पाणी कोण पाहते?" त्यांनी विचारले. आम्हांस उत्तर सुचेना. तेवढ्यात अंधार पडू लागला होता. त्यांनी सुतळी उचलली आणि ते धक्क्याकडे गेले.